‘तुम्ही यंत्र आहात का?’ : एका चुकलेल्या प्रश्नाची चिकित्सा

तत्त्वज्ञानाचा मास्तर ऑनलाइन बाजाराच्या नियमांवर बोलणार हे कळल्यावर आमच्या एका मित्रानं विचारलं, “तुला त्यातलं काय कळतं?” प्रश्न रास्त आहे. संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण नियम हा शब्दांचा बनतो, आणि शब्दांत गफलत कुठे झाली हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. तेवढ्याच भांडवलावर आज बोलतो.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. धडगावच्या बाजूला, अक्राणी तालुक्यात, उन्हाळ्यात गेलात तर अंगणाअंगणांत कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात. आमचुराचा हंगाम. सोलणं, चिरणं, वाळवणं हे काम बहुतेक बायकांचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या एका बचत गटाचं काम पाहते. गटानं एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर खातं उघडलं. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. तिच्या पुतण्यानं एक छोटासा प्रोग्राम लिहून दिला. तो रोज पहाटे एकदा त्या संकेतस्थळावर जायचा, दुसरे विक्रेते आमचूर काय भावानं विकतात ते वीस-पंचवीस पानांवरून वाचायचा आणि तक्त्यात मांडायचा. बस्स, एवढंच. पण त्या तक्त्यामुळे दारात आलेल्या व्यापाऱ्याला ‘शहरात आज हा भाव आहे’ असं त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगता यायचं. आमच्याकडच्या बायकांच्या हातात हे हत्यार पहिल्यांदाच आलं होतं.

ऐन हंगामात एके सकाळी खातं बंद. पत्रात कारण एका ओळीचं: आपल्या खात्यावरून स्वयंचलित साधनाचा वापर आढळला. ती मला म्हणाली, “सर, मी काय चोरी केली का? दुकानात जाऊन भावच तर पाहिला.”

याला उत्तर द्यायचं म्हणून मी ते नियम वाचायला घेतले. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

बहुतेक मोठ्या बाजार-संकेतस्थळांच्या अटींत एक कलम असतं. त्याचा आशय असा: रोबोट, स्क्रेपर किंवा कोणत्याही स्वयंचलित साधनानं, आमच्या पूर्वपरवानगीशिवाय, संकेतस्थळाचा वापर करायचा नाही. स्क्रेपर म्हणजे पान खरवडून त्यातली माहिती काढून घेणारा प्रोग्राम. अलीकडे यात भर पडते आहे. ईबे या जुन्या अमेरिकी बाजारानं २० फेब्रुवारी २०२६पासून लागू केलेल्या अटींत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, माणसानं नजर न घालता परस्पर ऑर्डर देणारे प्रोग्राम नाव घेऊन मना केले.

अशा कलमांच्या पाठीशी आपल्याकडे कायदाही उभा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चं कलम ४३ सांगतं की संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश केला, त्यातली माहिती उतरवून घेतली, तर भरपाई द्यावी लागेल. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर कलम ६६खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड. कलमाचा सगळा भार ‘परवानगी’ या शब्दावर आहे, हे लक्षात घ्या. आणि परवानगी कशाला द्यायची, हे मालक आपल्या अटींत लिहितो. त्या अटी आपण कुणीच वाचत नाही, खाली जाऊन ‘मान्य आहे’ दाबतो.

आता चिकित्सा. आपल्या न्यायशास्त्रानं कोणतीही व्याख्या तपासायला तीन कसोट्या दिल्या आहेत. विद्यार्थ्यांना मी गाईचं उदाहरण देत असे. ‘शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘एकच अखंड खूर असलेली ती गाय’ म्हटलं तर अशी गाय कुठे मिळायचीच नाही, हा असंभव. ‘स्वयंचलित साधन नको’ या नियमाला या तिन्ही कसोट्या लावून पाहू.

अतिव्याप्ती. नियमाला पकडायचे आहेत लुटारू, सापडतात कोण? माझंच सांगतो. डोळ्यांच्या त्रासामुळे मी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. एका संकेतस्थळावर पुस्तक घ्यायला गेलो, तर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असं फर्मान आलं आणि नऊ चित्रांतले वाहतूक-दिवे ओळखायला सांगितले. ज्याला चित्र दिसत नाही त्यानं चित्रातले दिवे ओळखून आपलं माणूसपण सिद्ध करायचं! ॲलन ट्युरिंगनं १९५०मध्ये एका निबंधात विचारलं होतं की प्रश्नोत्तरांवरून समोर माणूस आहे की यंत्र हे माणसाला ओळखता येईल का. आता खुर्च्या बदलल्या आहेत. यंत्र परीक्षक झालं आहे आणि परीक्षार्थी मी आहे. माझं वाचक-सॉफ्टवेअर आणि आमचुराचा तक्ता, दोन्ही एकाच जाळ्यात अडकली.

अव्याप्ती. ज्यांना रोखायचं ते किती जण सुटतात? चित्रांची ही कोडी तुटपुंज्या मजुरीवर सोडवून देणारी माणसं जगभर भाड्यानं मिळतात. तिथे बोट माणसाचंच असतं, म्हणजे नियमाच्या अक्षराप्रमाणे सगळं ठीक. शिवाय बाजाराच्या मालकाची स्वतःची यंत्रं? मी कुठल्या पानावर किती वेळ थांबलो, काय पाहिलं आणि घेतलं नाही, हे टिपणारी सगळी यंत्रंच आहेत. त्यांना हे कलम लागत नाही. ॲमेझॉननं एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेत एक सोय आणली: ग्राहकाच्या वतीनं ॲमेझॉनचं यंत्र दुसऱ्याच्या संकेतस्थळावर जाऊन खरेदी करतं. पुढे काही छोट्या दुकानदारांनी तक्रार केली की आम्हाला न विचारता आमचा माल तिथे दिसतो आहे. म्हणजे माझं यंत्र तुझ्या दारात आलं तर सेवा, आणि दुसऱ्याचं यंत्र माझ्या दारात आलं तर घुसखोरी.

आणि असंभव. नियम अक्षरशः घेतला तर तो कुणालाच पाळता येणार नाही. संकेतस्थळ नुसत्या हातांनी उघडताच येत नाही. ब्राउझर हेच मुळी तिसऱ्या कुणीतरी बनवलेलं स्वयंचलित साधन आहे. मी एकदा बोट लावतो आणि तो माझ्या नकळत पडद्याआड शंभर विनंत्या पाठवतो. जो नियम सगळेच मोडतात, तो कुणावर चालवायचा हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. तक्रार यंत्रं अडवण्याबद्दल नाही, या मर्जीबद्दल आहे.

इथवर ऐकून वाटेल की सर नियमाच्या विरोधात आहेत. थांबा. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्ताकडे जाता येत नाही. पूर्वपक्ष भक्कम आहे, आणि तो समजायला लांब जायला नको. आपल्या नंदुरबार स्टेशनवर या.

सुरत-भुसावळ मार्गावरचं आपलं स्टेशन. तिकीट विकणारं रेल्वेचं संकेतस्थळ हाही एक बाजारच, पण तिथला माल मोजका. तत्काळची खिडकी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १०ला आणि बाकीच्यांसाठी ११ला उघडते. आपण नाव टाकतो, वय टाकतो, तोवर सगळं संपलेलं. का? जून २०२५मध्ये रेल्वेनंच सांगितलं की तत्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असतात, आणि अडीच कोटींहून अधिक संशयित खाती बंद केली आहेत. नावं आधीच भरून ठेवणारं, कोडी आपोआप सोडवणारं सॉफ्टवेअर दलाल वापरतात. २०१७च्या डिसेंबरात असं सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपावरून सीबीआयनं आपल्याच एका प्रोग्रामरला अटक केली. तो पूर्वी याच तिकीट-महामंडळात कामाला होता. इथे यंत्र रांगेत घुसतं आणि मागे उभ्या असलेल्याची जागा खातं. आजारी आईला भेटायला निघालेल्या मजुराची ती जागा असते.

दुसरा पूर्वपक्ष भाराचा. अमेरिकेत बिडर्स एज नावाची कंपनी वेगवेगळ्या लिलाव-संकेतस्थळांवरचे भाव एकत्र दाखवायची. त्यासाठी तिची यंत्रं ईबेवर दिवसाला सुमारे १ लाख वेळा जात. ईबे कोर्टात गेली. मे २०००मध्ये न्यायाधीश रोनाल्ड व्हाइट यांनी मनाई हुकूम दिला. हा भार ईबेच्या एकूण भाराच्या दीड टक्क्याच्या आसपासच होता. पण न्यायालयाचा तर्क असा की एकाला मुभा दिली तर बाकीचेही येतील आणि व्यवस्था कोलमडेल. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याचा जुना कायदा त्यांनी संगणकाला लावला. तर्क खोटा नाही. दुसऱ्याच्या विहिरीवरून एक घागर नेणं वेगळं आणि मोटर लावणं वेगळं.

तेव्हा दोन्ही खरं आहे. तत्काळचं यंत्र अन्याय करतं आणि आमचुराचं यंत्र अन्याय दूर करतं. नियमाला मात्र दोघं सारखेच दिसतात, कारण तो विचारतो, ‘तुम्ही माणूस की यंत्र?’ माझं म्हणणं, हा प्रश्नच चुकला आहे.

मग प्रश्न कोणता हवा? इथे व्याकरण मदतीला येतं. संस्कृत व्याकरणकारांनी कर्ता आणि करण यांत भेद केला. सुतारानं कुऱ्हाडीनं लाकूड तोडलं: सुतार कर्ता, कारण तो स्वतंत्र, कुऱ्हाड करण, साधन. तिसरा एक असतो, प्रयोजक, म्हणजे करवणारा. आपल्या मराठीत ‘करणे’ आणि ‘करवणे’ हा फरक शाळेतलं पोरही जाणतं. मी गड्याकडून लाकूड तोडवलं, तर जबाबदार कोण? निदान मी सुटत नाही. आजचं खरेदी करणारं यंत्र कुऱ्हाड आणि गडी यांच्यामध्ये कुठेतरी आहे. पण त्याला पाठवणारा कुणीतरी असतोच. म्हणून दारावरचा प्रश्न असा हवा: ‘तू कुणाच्या वतीनं आलास, आणि काय घेऊन जातोस?’

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०२५ला साधारण याच वळणाचा विचार केला. रेल्वे कायदा १९८९चा. त्याचं कलम १४३ अनधिकृतपणे तिकिटांचा धंदा करण्याला गुन्हा मानतं. बचाव असा होता की कायदा झाला तेव्हा इंटरनेट कुठे होतं? न्यायालयानं तो मानला नाही. तिकीट खिडकीवरचं असो की ऑनलाइन, कलम लागतंच. मात्र सोबतच्या दुसऱ्या प्रकरणात आरोपी हा अधिकृत एजंट होता, तिथे फौजदारी कारवाई रद्द केली. त्याच्या नियमभंगाला दिवाणी उपाय आहेत म्हणून. साधन कोणतं यापेक्षा धंदा कुणाच्या अधिकारानं चालला, हे न्यायालयानं पाहिलं. नियम लिहिणाऱ्यांनी शिकावं ते इथून.

आता सगळ्यात ताजा वाद. ४ नोव्हेंबर २०२५ला ॲमेझॉननं पर्प्लेक्सिटी या कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट नावाचा ब्राउझर ग्राहकाच्या वतीनं ॲमेझॉनवर जाऊन खरेदी करतो. ॲमेझॉनचं म्हणणं, हे यंत्र साध्या ब्राउझरचं सोंग घेऊन आत येतं, आपली ओळख सांगत नाही. पर्प्लेक्सिटीचं म्हणणं, ग्राहकानं नेमलेला मदतनीस तो. ग्राहकाला जे हक्क ते त्याला. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. बाजारात मुनीम आला तर त्यानं ‘मी अमक्या पेढीचा’ असं सांगायला हवं. तोंड लपवून येणाऱ्याशी व्यवहार कोण करील? पण नाव सांगितल्याबरोबर दार लावून घेणार असाल, तर तोंड लपवायला तुम्हीच शिकवता. ओळख सांगण्याचं बंधन आणि विनाकारण दार न लावण्याचं बंधन ही जोडी आहे. आजचे नियम यातलं पहिलं बंधन पाहुण्यावर टाकतात आणि दुसरं स्वतःवर घेत नाहीत. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

इंटरनेटच्या सुरुवातीला एक साधी रीत होती. १९९४मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवलं की प्रत्येक संकेतस्थळानं वेशीवर एक पाटी लावावी: यंत्रांनो, या वाटेनं या, त्या वाटेनं जाऊ नका. पाटीला कुलूप नाही, शिपाई नाही. ती केवळ विनंती. तरी बरीच वर्षं ती बऱ्यापैकी पाळली गेली, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती. आता ती गरज सरली आहे. कारणही उघड आहे. यंत्र जाहिरात पाहत नाही. ‘फक्त २ शिल्लक’ वाचून त्याची छाती धडधडत नाही. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणारे १३ प्रकार मोजले, त्यांत खोटी घाई लावणं आहे, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं आहे. या युक्त्या यंत्रावर माणसाइतक्या चालत नाहीत. तेव्हा मालक ‘सुरक्षितता’ म्हणतो त्यातली किती खरी सुरक्षितता आणि किती गल्ल्याची काळजी, हे विचारायला हवं. विचारायचं कुणी? ई-वाणिज्याचे २०२०चे ग्राहक संरक्षण नियम बाजार-संकेतस्थळाला सांगतात की मालाचा क्रम कशावरून लावता ते ग्राहकाला समजावून द्या. पण ग्राहकानं किंवा विक्रेत्यानं पाठवलेल्या यंत्राबद्दल त्या नियमांत काही नाही. ती जागा रिकामी आहे, आणि मालक ती आपल्या अटींनी भरतो.

आपल्या मिरचीच्या बाजारात उभं राहून पाहा. लाल मिरचीचे ढीग, ठसक्यानं डोळ्यांत पाणी, आणि बोली सगळ्यांसमोर. एक काळ होता, उपरण्याखाली बोटं दाबून सौदे ठरायचे. माल शेतकऱ्याचा, भाव मात्र त्यालाच कळायचा नाही. ती रीत मोडायला कायदे लागले. मुंबई इलाख्यात कापसासाठी १९२७चा, पुढे महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा १९६३चा. त्यांनी भाव उघड केला, आणि बाजाराचे नियम ठरवायला शेतकरी आणि व्यापारी या दोघांचे प्रतिनिधी एका समितीत बसवले. बाजार समित्यांत राजकारण आहे, खाबूगिरी आहे, मला माहीत आहे. पण एक तत्त्व तिथे मान्य झालं: ज्याचं आवार, त्याचीच एकट्याची मर्जी चालणार नाही. ऑनलाइन बाजारात मात्र आपण पुन्हा उपरण्याखाली चाललो आहोत. भाव पडद्यावर उघडा आहे, पण तो टिपून ठेवायला मनाई.

एक इशारा मात्र देतो. ओळख विचारा म्हणालो, म्हणून हरघडी आधार मागू नका. तत्काळसाठी १ जुलै २०२५पासून आधारनं पडताळलेलीच खाती चालतात, आणि पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी आहे. तिथे ते योग्य, कारण जागा मोजक्या आणि रांग खरी. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१०ला दिला गेला. ओळखपत्रानं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? पण मिरचीचा नुसता भाव विचारायला आलेल्याला आपण ओळखपत्र मागत नाही. भाव वाचणं, एक वस्तू विकत घेणं आणि मोजका माल ताब्यात घेणं, ही तीन वेगळी कृत्यं आहेत. पहिल्याला मोकळीक असावी, भाराची मर्यादा घालून. दुसऱ्याला प्रतिनिधीनं नाव सांगावं आणि पाठवणाऱ्यानं जबाबदारी घ्यावी. तिसऱ्याला कडक पहारा असावा. आणि मनाई करायची तर कारण लेखी द्यावं, त्यावर दाद मागायला माणूस असावा.

हा शेवटचा मुद्दा तत्त्वाचा वाटतो, पण तो रोकडा आहे. आमच्या विद्यार्थिनीनं तीनदा अर्ज केला. मी तिला चार ओळी लिहून दिल्या: कोणता प्रोग्राम, दिवसाला किती पानं, कशासाठी, आणि यापुढे तुम्ही सांगाल त्या वेळी. तिन्ही वेळा उत्तर एका मिनिटाच्या आत आलं, शब्दन् शब्द तेच. ते उत्तर कुणी लिहिलं असेल हे सांगायला नको. यंत्र वापरू नका, असं यंत्रच कळवत होतं. तोवर पावसाची चिन्हं दिसू लागली होती. आमचूर भिजवून चालत नाही. गटानं तो दारातल्या व्यापाऱ्याला, त्यानं सांगितलेल्या भावानं दिला.

“मी काय चोरी केली का?” या तिच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, नाही. पण ते माझं उत्तर झालं, नियमाचं नाही. नियमानं तिला तो प्रश्न विचारायची जागाच ठेवलेली नाही.

इथे थांबतो. विरोधी मत असेल तर जरूर मांडा. विशेषतः संगणकातली मंडळी असतील त्यांनी. माझं कुठे चुकलं ते पुढच्या व्याख्यानाच्या आरंभी मी वाचून दाखवीन.